कैद्याला शाल कशाला?

आज चौकात एका जन्मठेपेच्या कैद्याचा सत्कार झाला, म्हणून हे लिहावं लागतंय.

गावातली पोरं मारामाऱ्यांपासून दूर राहावीत म्हणून त्याला पोलीस बंदोबस्तात बोलायला आणलं होतं. टोळक्यात फिरणाऱ्या माझ्या भाच्याला मीच ओढत नेलं.

आपल्याकडे पाहुणा दिसला की शाल-श्रीफळ! सरपंचांनी तेच केलं आणि पोरं शिट्ट्या मारत ओरडली, “भाई, एक सेल्फी!”

त्याने शाल काढून ठेवली. “भाई नका म्हणू रं. आत संडासाच्या रांगेत मला कुनी भाई म्हनत नाय. आई गेली, तिला खांदा पन देता आला नाय.”

शिट्ट्या थांबल्या. भाच्याने मला बाजूला नेऊन आपल्या गाडीच्या सीटखालून कोयता काढून माझ्या हातात दिला.

“आत्या, वरडू नको गं.”

ओरडू नको? सत्कार कुणाचा करावा, हे आपल्याला कधी कळणार?

सरपंचांना परत: शाल, नारळ. पोलिसांच्या ताब्यात: कोयता. सोबत भाचा, स्वतःच्या पायांनी.