शेवाळाचा डबा आणि दोन बाटल्या

वडिलांचा मधुमेह मी आठवड्याभरात घालवला, आणि तो थेट मलाच येऊन चिकटला.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट. मी कुरखेड्याला शाळेत विज्ञान शिकवायचो. बाबा ढीवर, उभा जन्म तलावात जाळं टाकून मासे धरण्यात गेलेला. पायात साप आला तर हातानं उचलून बाजूला टाकणारा माणूस. पण महिन्याभरात साखर उतरली नाही तर रोज सुई, असं डॉक्टरांनी म्हटलं आणि बाबांचा चेहरा जो उतरला तो उतरलाच. तेवढ्यात मी नागपूरच्या एका प्रदर्शनातून शेवाळाच्या हिरव्या भुकटीचा डबा आणला. विकणारा म्हणाला, साखरेवर रामबाण. (विज्ञानाचा मास्तर समोर आहे हे कळल्यावर तो जास्तच खुलला होता.) बाबांनी डबा हुंगला आणि म्हणाले, हे तर आपल्या तलावातलंच.

मी प्रयोग मांडला. प्रयोग म्हटला की तुलना हवी! म्हणून सकाळी न्हाणीत दोन बाटल्या: एक बाबांची, एक माझी, दोऱ्यानं नावाच्या चिठ्ठ्या बांधलेल्या. शाळेतून परीक्षानळी, स्पिरिटचा दिवा आणि निळं द्रावण आणलं. त्यात लघवीचे थेंब टाकून उकळायचे. निळं राहिलं तर साखर नाही, विटकरी झालं तर बोंबला.

पहिले तीन दिवस बाबांची नळी विटकरी, माझी निळी. चौथ्या दिवशी बाबांची निळीशार! मी शाळेत सांगितलं, बाजारात सांगितलं, पोस्टमनला सायकलवरून उतरवून सांगितलं. त्या गडबडीत माझी नळी उकळायची राहिली होती. घरी येऊन उकळली. विटकरी.

बायकोला काही कळू दिलं नाही. चहातली साखर सोडली, भात सोडला (आमच्या धानाच्या मुलखात भात!) आणि डब्यातली भुकटी चोरून दुप्पट खाऊ लागलो. नळी रोज विटकरीच. बाटली धुताना चिठ्ठीचा दोराही सुटत नसे, तो मी चिडून कात्रीनं कापायचो. दहा दिवसांत पँट सुतळीनं बांधायची पाळी आली. खरं सांगतो, मला मरणाची भीती वाटत होती.

रविवारी घरात मासोळीचा रस्सा आणि भात होता. मी कोरडी भाकर घेऊन बसलो. बाबांचा घास हातातच राहिला.

"भात काऊन नाई खात?"

"भूक नाई, बाबा."

ते भाताचं भांडं माझ्यापुढं सरकवून म्हणाले, "खा बाबू. तुले काई नाई झालं. चिठ्ठ्या मी बदलवून राह्यलो होतो. सुईचं भेव वाटे मले."

"अन् भुकटी?"

"तलावातलं होतं, तलावात टाकलं."

म्हणजे औषध नेमानं घेतलं ते ज्याला रोग नव्हता त्यानं. चिडायला हवं होतं, पण मला रडूच आलं, आणि रडत रडत मी तीनदा भात घेतला.

दुसऱ्या दिवशी बाबा आपणहून दवाखान्यात गेले. डोळे गच्च मिटून, माझा हात धरून सुई घेतली. पुढं हळूहळू साखर आटोक्यात आली. त्या दिवशी परत येताना घर जवळ आल्यावर ते म्हणाले, "मी चिठ्ठीले गाठ जाळ्याचीच मारत होतो. मले वाटलं, ढीवराचं पोरगं हाय, पयल्याच दिवशी वळखन."

मी कात्रीबद्दल त्यांना कधीच सांगितलं नाही.