समुद्रफेसाचं कूळ

ऐंशीच्या दशकात आम्ही सरावलीला चाळीतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. यजमान कारखान्यात, आणि माझे सासरे सोलापूरहून कायमचे राहायला आलेले. पक्के शाकाहारी. कोळणीची हाक आली की नाकाला उपरणं लावत. पण समुद्राचं त्यांना भारी वेड. रविवारी मला घेऊन एस.टी.ने मुरब्याच्या किनाऱ्याला जात आणि वाळूतला समुद्रफेस वेचत. पांढरा, हलका, होडीच्या आकाराचा. लाटांचा फेस वाळून तो होतो, असं ते सांगत. घरी कुटून त्यात लवंग, तुरटी, मीठ घालून मंजन करीत आणि रोज त्यानंच दात घासत.

मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेले. खरं काय ते मला ठाऊक होतं, पण सासऱ्यांना सांगणार कोण?

एका रविवारी मासळी साफ करत बसलेल्या बाईनं त्यांना हटकलं. "बाबा, त्या वालूतलं कशाला येचता? आमच्याकडं ताजं हाय."

"ताजा फेस?" मामंजी खुशीत पुढे झाले.

तिनं टोपलीतलं माकूल, म्हणजे कटलफिश, उचललं, पाठीवर सुरी फिरवली आणि आतून तसंच पांढरं, होडीसारखं हाड ओढून त्यांच्यापुढे धरलं. काळी शाई तिच्या मनगटावरून ओघळत होती.

घरी येऊन मामंजींनी खळखळून चुळा भरल्या. पुढे आठवडाभर टूथपेस्ट वापरली. ती त्यांना गोळीसारखी गोड लागायची. शेवटी एका संध्याकाळी मला बोलावलं.

"सूनबाई, तुझ्या पुस्तकात त्या माकुलाचं कूळ काय दिलंय?"

"मृदुकाय, मामंजी. शिंपला, गोगलगाय, शंखातला जीव, सगळे त्याच कुळातले. पूर्वी सगळ्यांचं घर अंगावरच असायचं. माकुलानं ते पाठीच्या आत घेतलं."

"आणि आठ पायांचा तो?"

"ऑक्टोपस. त्यानं घर जवळजवळ मोडीतच काढलं. दगडांच्या फटीत राहतो."

"म्हणजे भाड्यानं. आपल्यासारखा." ते हसले. आठवड्यात पहिल्यांदाच.

मग उठून देवघरापाशी गेले, शंख हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट पाहिला. "यातही कोणी राहायचंच की," म्हणाले. "हा देवापुढे चालतो, तर त्याच्या भावाचं घर माझ्या दातांना का नाही चालणार? मात्र समुद्रानं आपणहून टाकलेलंच घ्यायचं. कापून काढलेलं नको."

मला हायसं वाटलं. इतकी साधी गोष्ट सांगायला मी उगाच बिचकत होते.

दुसऱ्या दिवशी मंजन पुन्हा सुरू झालं. आणि आमच्या चाळीला एक नवा जाणकार मिळाला. पावसाळ्यात पोरं मोरीतल्या गोगलगायी घेऊन यायची आणि विचारायची, "आजोबा, ही माकुलाची कोण?"

"चुलत बहीण," असं म्हणत मामंजी ती अळूच्या पानावर सोडून द्यायचे.