तात्यांची खातरी

आमचे तात्या कुठलीही गोष्ट आधी ओढून बघत. दोराची गाठ, गोठ्यातला खुंटा, एसटीत शिरताना दाराचा दांडा, सगळ्यांना एक हिसका ठरलेला. भाताची आवणी झाली, म्हणजे राबात वाढवलेली रोपं काढून खाचरात लावली, की चार दिवसांनी चिखलात उतरून ते रोपंही हलकेच ओढत. रोप हाताला अडलं की म्हणत, "धरलंय." लावणाऱ्या बाया ओरडत, "तात्या, तुमच्या खातरीपायी आमची आवनी उपटंल!" मुरबाड तालुक्यात वैशाखऱ्याच्या अलीकडच्या आमच्या गावात त्यांना सगळे खातरी तात्याच म्हणत. ते माझे सख्खे चुलते.

माणसांवर तर त्यांचा विश्वास नव्हताच. दुकानदार गोड बोलला की हे घरी येऊन पिशवी पुन्हा तपासत. कोणी चहाला बोलावलं की मला विचारत, "याचं काम काय असंल रे?" मी मुरबाडला नोकरीला लागलो तेव्हा घरच्यांनी पेढे वाटले, आणि तात्या मात्र ऑफिस खरंच आहे का, ते एसटीने येऊन बघून गेले. वर शिपायाला विचारलं, हा इथंच बसतो ना म्हणून. मला भयंकर राग आला होता.

अशा माणसाचे डोळे पिवळे झाले आणि पोटात पाणी साचलं. कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं, लिव्हर निकामी झालंय. गावाने मग जन्मभराचं उट्टं एका दिवसात काढलं. "लपून घेत असनार!" तात्या दारूच्या वाऱ्यालाही उभे राहिले नव्हते. त्यांच्या साखरेच्या आजारात लिव्हरवर चरबी चढत गेली होती. पण मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनीही दारूचं पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "मी बी संशय घेतो डाक्टर, पन एकदाच इचारतो." हे साफ खोटं होतं.

लिव्हर बदलणं हाच उपाय, असं डॉक्टर म्हणाले. तात्या सत्तरीला टेकलेले. या वयाच्या माणसाला कापण्यात यांचा काय फायदा, असं माझ्या मनात आलंच. संशय आमच्या घरात पिढीजात आहे. डॉक्टर म्हणाले, "नुसतं वय बघून आम्ही नाही म्हणत नाही. हृदय बघतो, फुप्फुसं बघतो, माणूस किती चालतो ते बघतो." वय जास्त तसा धोकाही जास्त, हेही त्यांनी लपवलं नाही. तात्यांना लांबलचक व्हरांड्यात चालवलं. बांधावर जन्म काढलेला माणूस, फुगलेलं पोट सावरत चालला की! आता कोणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायला हवा होता. काकूंची तब्येत नाजूक, माझा रक्तगट वेगळा. जुळली ती मंगल, तात्यांची एकुलती एक लेक, शहापूरला दिलेली, दोन मुलांची आई. ती एका पायावर तयार होती.

तात्यांनी तिला पहिला प्रश्न विचारला, "तुला कुनी भरीस घातलं?" हॉस्पिटलवालेही कमी नव्हते. त्यांनी मंगलला एकटीला बसवून, कोणाचा दबाव आहे का, कोणी काही कबूल केलंय का, असं उलटसुलट विचारलं. तात्यांना आयुष्यात पहिल्यांदाच एखादी जागा पसंत पडली.

तारीख ठरायच्या दिवशी तात्या एकटेच डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, "नाय जमत. डाक्टर बोलले, वय झालंय. चला घरी." मी पिशवी उचललीसुद्धा. मंगल जागची हलली नाही.

"डाक्टर बोलले आनी तुमी मानलं? तुमी?"

ती सरळ खोलीत शिरली. डॉक्टरांनी तसं काहीच म्हटलेलं नव्हतं. बाहेर येऊन ती तात्यांसमोर उभी राहिली, तसे ते भिंतीकडे बघत म्हणाले, "राबातनं रोपं काढली की राब उघडा पडतो गो. तुला पोरं हायत. माझं काय, आज हाय, उद्या नाय." टाके किती, दुखतं किती, धोका किती, असं इतके दिवस ते डॉक्टरांना जे जे खोदून विचारत होते, ते स्वतःसाठी नव्हतंच.

"उरलेलं परत वाढतं, डाक्टर सांगतात," मंगल म्हणाली.

"सांगतात. बघितलंय कुनी?"

मग मंगलनेच शोधाशोध केली. भावाला लिव्हर दिलेला एक रिक्षावाला तिथं तपासणीला आला होता, त्याला तिने तात्यांपुढे आणून उभं केलं. "रातीचं दुखतं काय? खरं सांग," तात्यांनी दरडावलं. तो म्हणाला, "पहिले टाके लई दुखले, काका. आता रिक्षा चालवतो." तात्यांनी बसल्या जागेवरून त्याचा हात धरून ओढला. त्याने हसत उलट ओढला, तसे तात्या खुर्चीतून उठूनच आले. त्याच दुपारी त्यांनी सही केली.

ऑपरेशननंतर शुद्ध आली तेव्हा त्यांनी मंगलचं विचारलं. ती बरी आहे, असं नर्स म्हणाली. मग त्यांनी वॉर्डबॉयला विचारलं, झाडूवालीला विचारलं. काही दिवसांनी मंगलला चाकाच्या खुर्चीत बसवून समोर आणलं, त्या दिवशी ते शांत झोपले.

पुढे ते चांगली काही वर्षं जगले. डॉक्टरांनी मोकळीक दिल्यापासून दर शनिवारी सरळगावला एसटी बदलून किन्हवलीच्या रस्त्याने शहापूरला जात. मंगलला समोर जेवायला बसवत. फोनवर ती जेवले म्हणते, पण फोनचा काय भरवसा! तिचं जेवण आटोपलं की बसूनच हात पुढे करत, "जोर लाव." ती ओढे, ते उठून उभे राहत. "धरलंय," म्हणत चपला घालत आणि परतीची एसटी पकडत.

गेल्या थंडीत ते तिच्याकडेच असताना छातीत कफ भरला. ताप उतरलाच नाही. मी शहापूरच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी तसं सांगितलं, पण मंगल ऐकेना. "दुसऱ्या डाक्टरला बोलवा," म्हणाली. दुसरे डॉक्टर आले, त्यांनीही तपासून मान हलवली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने झटकला. मग ती खाटेच्या कडेला बसली, तात्यांचा हात हातात घेतला आणि हलकेच ओढला.

"तात्या," ती म्हणाली, "जोर लावा."