एकेक स्टेशन मागे

तोक्योतल्या आमच्या वॉर्डाच्या सार्वजनिक व्यायामशाळेत सहा ट्रेडमिल होत्या. त्यातली खिडकीजवळची मी आपलीच समजत असे. तिच्यावर कुणी आधीच चढलेलं दिसलं की माझं डोकं फिरायचं आणि तो माणूस उतरेपर्यंत मी शेजारी उभी राहून बुटाची नाडी उगाच सोडायची आणि बांधायची. २०११ चा उन्हाळा होता तो. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मी पळायला शिकत होते. शाळेत पी.टी.च्या तासाला पोट दुखण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, त्यामुळे पुण्याहून फोनवर आईनं हे ऐकलं तेव्हा तिनं आधी विचारलं, "अगं, तुझी तब्येत बरी आहे ना?"

तब्येत उत्तम होती. कारण वेगळं होतं, आणि ते आईला सांगायची माझी हिंमत नव्हती.

मार्चमधल्या त्या शुक्रवारी भूकंप झाला तेव्हा मी ओगावामाचीच्या ऑफिसात सातव्या मजल्यावर होते आणि माझी साडेतीन वर्षांची मुलगी आमच्या घराजवळच्या, फुनाबोरीच्या पाळणाघरात. नवरा कोबेला एका संशोधन संस्थेत नोकरीला. तो महिन्यातून दोनदा शनिवार-रविवारी तोक्योला यायचा, बाकीचे दिवस आम्ही दोघीच. फोन लागेना, गाड्या बंद. ऑफिस ते पाळणाघर हे अंतर रोज गाडीनं वीस मिनिटांचं, आणि नदी येईपर्यंत ती गाडी जमिनीखालून जाते. चार वर्षं मी त्या रस्त्याच्या पोटातून ये-जा केली होती, पण वरून तो कसा दिसतो हे मला ठाऊकच नव्हतं. पावणेचारला ऑफिसच्या टाचांच्या बुटांत चालायला लागले. रस्त्यानं जवळजवळ अकरा किलोमीटर.

फुटपाथवर माणसंच माणसं, पण कुणी कुणाला ढकलत नव्हतं. समोर एकही गाडी नसताना सिग्नल लाल झाला की सगळे थांबायचे. त्या दिवशी मला त्या शिस्तीचा भयंकर राग आला. सुमियोशीच्या आसपास एका टोफूच्या दुकानातल्या बाईंनी दाराबाहेर हातानं लिहिलेली पाटी लावली होती, "आमचं टॉयलेट वापरा", आणि टेबलावर कागदी पेल्यांत गरम चहा मांडला होता. तो चहा पिऊन मी पुढे निघाले. शेवटी अराकावा नदीवरचा लांबच लांब पूल आला आणि माझे पाय संपले. दम तर केव्हाच संपला होता. पलीकडे फुनाबोरी, फुनाबोरीत माझी मुलगी, आणि मी पुलाच्या पायथ्याशी फुटपाथवर बसून राहिले. पाच-दहा मिनिटं नव्हे, चांगला अर्धा तास. हे मी कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही.

पाळणाघरात पोचले तेव्हा सव्वाआठ झाले होते. बाकीची सगळी मुलं गेली होती. माझी मुलगी डोक्यावर भूकंपात घालायची जाड कापसाची टोपी घालून तिच्या सेन्सेईंच्या, म्हणजे वर्गाच्या बाईंच्या, मांडीवर बसली होती. बाई असतील तिशीच्या. त्या तिला चित्रांच्या पुस्तकातली गोष्ट वाचून दाखवत होत्या. अजून मधूनमधून जमीन हलत होती. हलली की बाई थांबायच्या, मुलीच्या डोक्यावर हात ठेवायच्या, आणि हलायचं थांबलं की पुढचं वाक्य त्याच आवाजात वाचायच्या. मी मुलीला उचललं आणि घरी आले.

पुढच्या आठवड्यात अणुभट्टीच्या बातम्यांनी घाबरून ओळखीची निम्मी भारतीय कुटुंबं विमानात बसली. आम्हीही तीन आठवडे पुण्याला जाऊन आलो. सासरी-माहेरी एकच धोशा, आता परत जाऊ नका. आम्ही परतलो, कारण दोघांच्या नोकऱ्या इथे होत्या आणि खरं सांगायचं तर मला इथे राहायला आवडत होतं. पण मनाशी एक ठरवलं. पुन्हा तसा दिवस आला तर मी दोन तासांच्या आत माझ्या मुलीपाशी पोचले पाहिजे. मी नाही पोचले तर तिला इथे दुसरं आहे कोण?

म्हणून ट्रेडमिल. जुलैपर्यंत मी पस्तीस मिनिटांत पाच किलोमीटर पळायला लागले. समोर लाल आकडे दिसायचे आणि मी मनातल्या मनात हिशोब करायची, म्हणजे अकरा किलोमीटरला सत्त्याहत्तर मिनिटं. झालं की काम! नवऱ्याला फोनवर ऐटीत सांगूनही टाकलं.

पण तेवढ्यात वीज बचत आली, कारण भूकंपानंतर अणुवीज केंद्रं बंद पडली होती. त्या उन्हाळ्यात सगळं तोक्यो अर्ध्या दिव्यांवर चाललं होतं. सरकते जिने बंद, ऑफिसातला एसी नावापुरता. एका सकाळी सहांपैकी चार ट्रेडमिलवर कागद चिकटवलेले दिसले, वीज बचतीसाठी बंद. उरलेल्या दोन वीस-वीस मिनिटांच्या पाळीनं. खिडकीजवळची अर्थातच बंद. मी काउंटरवरच्या काकांशी वाद घातला. रागात माझं जपानी फार चांगलं होतं. काकांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा वाकले आणि अतिशय अदबीनं म्हणाले, "बाहेर पळायला वीज लागत नाही." चेष्टा नव्हती ती. त्यांना खरोखरच माझी सोय करायची होती. त्यांनी एका कागदावर मला नदीकाठच्या वाटेचा नकाशा काढून दिला आणि पिण्याच्या पाण्याचे नळ कुठे आहेत तिथे खुणा केल्या. मी तणतणत तो घेऊन बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी मुलीला पाळणाघरात सोडलं आणि नदीकाठी जाऊन पळायला लागले. चारशे मीटरवर माझा कारभार आटोपला. पोटात कळ, तोंडाला कोरड, कानात ठोके. मला वाटलं आपल्याला काहीतरी झालंय. झालं काहीच नव्हतं. इतके दिवस मशीन माझा वेग ठरवत होतं, पट्टा सरकेल तेवढंच पळायचं. इथे तो मलाच ठरवायचा होता, आणि मी तो ठरवला पोटातल्या भीतीवर. त्यात समोरून वारा. तरी हट्टानं थांबत-पळत पुढे जात राहिले, आणि गेलेल्या वाटेनं परतही यायचं असतं हे लक्षात आलं तेव्हा तीन किलोमीटर लांब होते. ट्रेडमिलवर कितीही पळा, उतरलं की पाण्याची बाटली हाताशी. इथे नळांच्या खुणांचा तो नकाशा घरी, गाडीचा पासही घरी. त्या दिवशी ऑफिसात पाऊण तास उशिरा पोचले आणि डोकेदुखीचं कारण सांगितलं.

त्याच काठावर रोज एक आजोबा पळत. सत्तरी ओलांडलेले, हातात पांढरे हातमोजे, डोक्याला पंचा बांधलेला. ते इतके हळू पळत की पहिल्यांदा त्यांना मागे टाकलं तेव्हा मला त्यांची दया आली. दहा मिनिटांनी मी कमरेवर हात ठेवून उभी आणि आजोबा त्याच चालीनं मला मागे टाकून गेले, जाताना मान लववून. असं चार दिवस झालं. पाचव्या दिवशी ते माझ्यासमोर जागच्या जागी पळत राहिले आणि म्हणाले, "बोलता येईल इतकं हळू पळा."

"बोलू कुणाशी?" मी धापा टाकत विचारलं.

"माझ्याशी बोला."

मग काय, मी त्यांच्याबरोबर निघाले आणि बोलत सुटले. पुणं, मुलगी, कोबेचा नवरा, ऑफिसातल्या मीटिंगा. आजोबा फक्त "हं" म्हणायचे. दुसरा नळ आला तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोन किलोमीटर झाले आणि मी एकदाही थांबलेले नाही. मला इतका आनंद झाला की तिथेच ओरडावंसं वाटलं. आजोबांनी पंचा सोडून तोंड पुसलं, पुन्हा बांधला आणि निघून गेले. मला आयुष्यात पुष्कळ गुरू भेटले, पण त्यांच्याइतकं कमी बोलून शिकवणारं कुणी नाही.

पुढची योजना मात्र माझी स्वतःची. नवरा यायचा त्या रविवारी मुलगी त्याच्या ताब्यात द्यायची, गाडीनं एक स्टेशन मागे जायचं, जिना चढून रस्त्यावर यायचं आणि घराकडे पळायचं. आधी हिगाशी-ओजिमा, मग ओजिमा, मग निशी-ओजिमा. एक स्टेशन नीट जमलं की मगच त्याच्या मागचं. परत कसं यायचं हा प्रश्नच नाही, कारण पळायचं ते घरीच. मी एक्सेलमध्ये तक्ताही केला. नवऱ्यानं तो पाहिला आणि म्हणाला, "मागे मागे जाऊन पुढे जाणारी तूच गं बाई." पण रविवारी मी घामाघूम होऊन आले की पोहे तयार असायचे, हेही सांगितलं पाहिजे.

अडचण एकच होती. कुठल्याही स्टेशनावरून निघा, घराच्या अलीकडे पूल असायचाच. पायथ्याशी आले की पाय आपोआप थांबायचे. कितीतरी महिने मी तो पूल चालतच ओलांडला. नदीवरचा वारा टोपी उडवायचा, गाड्या शेजारून सुसाट जायच्या आणि माझी नजर नेमकी त्या फुटपाथकडे जायची. शेवटी वसंतात एका रविवारी मी आजोबांची चाल धरली, एकटीच मोठ्यानं बडबडत पुलावर चढले आणि पलीकडे उतरले. सायकलवरून येणाऱ्या एका बाईंनी मला घाबरून वाट दिली.

त्या रस्त्याच्या मी हळूहळू प्रेमात पडले. रविवारी सकाळी म्हातारी माणसं आपल्या दारापुढची झाडलोट करून शेजाऱ्याच्या दारापुढेही दोन हात झाडू मारायची. कचऱ्यावरची जाळी कुणीतरी नीट घडी घालून ठेवलेली असायची. ज्या सिग्नलांचा मला राग आला होता तिथे आता थांबायला मिळालं की मी मनातून आभार मानायची. सुमियोशीला पोचले तेव्हा टोफूच्या दुकानातल्या त्या बाई दाराशी बादल्या धूत होत्या. मी थांबले आणि भूकंपाच्या दिवशीच्या चहाबद्दल त्यांना सांगितलं. त्या हात पुसत म्हणाल्या, "त्या दिवशी चहा जरा पातळ झाला होता, माफ करा हं."

दुसऱ्या वर्षीच्या शरदात मागे जायला स्टेशनच उरलं नाही. एका शुक्रवारी ऑफिसातून लवकर जायची परवानगी काढली आणि मुद्दाम पावणेचारलाच निघाले. सगळा रस्ता आता ओळखीचा होता. पूल आला, पूल गेला. पाळणाघराच्या फाटकाशी घड्याळ बंद केलं तेव्हा एक तास बेचाळीस मिनिटं झाली होती. कुणीतरी ढोल वाजवायला हवा होता असं मला वाटलं.

माझा अवतार बघून सेन्सेई धावत बाहेर आल्या. "काय झालं? गाड्या बंद पडल्या का?"

"नाही नाही. ऑफिसातून पळत आले. सहज."

त्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलगी आता पाच वर्षांची. ती जपानीत म्हणाली, "आईचं तोंड टोमॅटोसारखं झालंय," आणि चपला शोधायला आत गेली. आणि मग, का कोण जाणे, मी बाईंना सगळं सांगून टाकलं. कशासाठी पळायला लागले ते, आणि त्या दिवशी पुलापाशी अर्धा तास बसून राहिले तेही. ते ऐकणारं पहिलं माणूस त्याच.

सेन्सेईंनी मुलीचं दप्तर खुंटीवरून काढलं. मग म्हणाल्या, "बसलात ते बरं केलंत. पुन्हा कधी तसं झालं तर पळू नका. वरून काचा पडतात. तुम्ही हळू या. दुसऱ्या दिवशी आलात तरी चालेल, तोवर मी आहे इथे."

"पण तुम्हालाही घरी जायचं असेल ना त्या दिवशी?"

"हो. माझी मुलगी चार वर्षांची होती. आमच्याकडे, शेजारच्या चिबा प्रांतातल्या पाळणाघरात. तुम्ही दोघी गेलात आणि मी निघाले. चालत पोचायला एक वाजला रात्रीचा."

"तोवर ती...?"

"तिथेही सेन्सेई होत्या ना," त्या म्हणाल्या. बोलता बोलता त्या माझ्या मुलीच्या दप्तराची चेन लावत होत्या.

दीड वर्ष मी समजत होते की त्या संध्याकाळी माझी वाट बघणारी एकच मुलगी होती. नदीपलीकडे चिबात आणखी एक होती. मी पुलाशी बसले तो अर्धा तास तीही बसून होती, दुसऱ्या कुणाच्या तरी मांडीवर, आणि तिची आई माझ्या मुलीला गोष्ट वाचून दाखवत होती. एका अक्षरानंही त्यांनी मला घाई केली नव्हती, नंतर कधी बोलूनही दाखवलं नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तर केव्हाच पळाले असते. एवढं मोठं मन माझ्यात नाही, हे मला तिथल्या तिथे कळलं.

इथे मुलाला घ्यायला आलेले आई-वडील वेळेवर आले तरी "उशीर झाला, माफ करा" असं म्हणतात. रीतच आहे तशी. मीही रोज म्हणायची, बूट काढता काढता, लक्ष दुसरीकडे ठेवून. त्या संध्याकाळी मी त्यांच्यासमोर नीट उभी राहिले आणि कमरेतून वाकले. "मला उशीर झाला," मी म्हणाले, "माफ करा." मला त्या भूकंपाच्या दिवसाचा उशीर म्हणायचा होता, पण तेवढंच म्हणून मी वाकलेलीच राहिले.

सेन्सेईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"छे हो," त्या म्हणाल्या, "आज तर तुम्ही अर्धा तास लवकर आलात."