पडवीतला काळा स्क्रीन

माझं आणि मशीनचं कधीच जमलं नाही. मिक्सर अडला तर मी आधी त्याला शिव्या घालते, मग थापट मारते आणि मग दुरुस्तीला देते. कुडाळच्या आमच्या ऑफिसात प्रिंटरने कागद गिळला की लोक मला चहाला पाठवतात. आणि नेमकी माझ्यावरच बाबांच्या कॉम्प्युटरशी झुंजायची पाळी यावी, याला काय म्हणायचं!

बाबा आषाढात गेले, मालवणजवळच्या आमच्या घरी. उभा जन्म बोटीवर इंजिनात काढलेला माणूस, शेवटी अर्धं अंग लुळं पडून आतल्या खोलीत पलंगाला खिळला. गेले त्या दिवशी वादळ होतं. विजेचा खांब आडवा झाला होता आणि गावभर लाइट नव्हती. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. बाराव्यानंतर देवळात कौल लावला. पाषाणाला चिकटवलेली कळी ज्या बाजूने पडेल तो देवाचा शब्द. देवाने सांगितलं, खोली म्हाळापर्यंत, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धापर्यंत, उघडायची नाही, आत दिवा तेवढा जळता ठेवायचा. बंद खोलीत तेल कोण घालणार? म्हणून विजेवरची पणती आणली. आई ती घेऊन एकटीच आत गेली, बराच वेळ आत काहीतरी करत होती, मग बाहेर येऊन तिने दार ओढून घेतलं आणि कडी घातली.

राहिला प्रश्न फोटोचा. भिंतीवर लावायला बाबांचा धड फोटो नव्हता. होता तो बोटीच्या पासवरचा, त्यात ते पोलिसांना हवे असल्यासारखे दिसतात. बाकी सगळे फोटो पडवीतल्या कॉम्प्युटरमध्ये. जुने अल्बम वाळवीने धरले तेव्हा बाबांनी एकेक फोटो त्यात उतरवून घेतला आणि अल्बम घरामागच्या परड्यात नेऊन जाळले. आईबाबांचं लग्न, बाबांची बंदरं, माझी शाळा, सगळं त्या डब्यात. तो डबा गेला असता तर बाबांचा चेहरासुद्धा गेला असता.

श्रावणात मी रजा टाकून माहेरी आले आणि बटण दाबलं. स्क्रीन उजळला, कंपनीचं चिन्ह आलं, खाली ठिपके गोल फिरले. मी म्हटलं, अगो बाई, चाललं की! तेवढ्यात सगळं काळं झालं. गंमत म्हणजे आत मशीन चालूच होतं. पंखा घुमत होता, लहानसा दिवा लुकलुकत होता, आणि जरा वेळाने सुरू झाल्याची ती दोन सुरांची धून वाजली. आवाज होता, चित्र नव्हतं. मी अंधाराकडे बघत बसले आणि त्या काळ्या काचेतून माझंच तोंड माझ्याकडे बघत बसलं.

"इलो उजेड?" आईने आतून विचारलं.

"खंय येता! परत काळोख."

"ऱ्हवांदे. जरा वेळान परत लाव गो."

मग तेच सुरू झालं. बंद कर, लाव, चिन्ह, ठिपके, काळोख. स्क्रीनची वायर काढून उलटसुलट लावली. शेजारच्या वहिनींचा स्क्रीन आणून जोडला, तोही चिन्ह दाखवून काळा. आई दर वेळी आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन बसायची आणि तिथून म्हणायची, "परत लाव गो." मला वाटायचं, बिचारीला फोटोची आस लागली आहे. आणि मी अशी, की दुसऱ्याची आस बघितली की माझं डोकं जास्तच फिरतं. "शिरा पडो ह्या मशीनार!" असं ओरडून मी टेबलावर हात आपटायची. आई मात्र शांत. उलट त्या दिवसांत ती जरा खुलल्यासारखी वाटत होती, आणि ते मला खटकत होतं.

शेवटी डबा रिक्षात घालून मालवणला नेला. बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्याने झाकण उघडलं, आतली मेमरीची पट्टी काढली आणि खोडरबराने घासली. "समुद्राची हवा, ताई. खारेपणाने गंज धरतो," तो म्हणाला. पट्टी बसवली, त्याचा स्क्रीन जोडला, बटण दाबलं. चिन्ह, ठिपके, आणि फटदिशी चित्र! जेटीवर उभे बाबा, लुंगी वर खोचलेली, हातात सुरमई, तोंडभर हसू. शेजारच्या मासळी बाजाराच्या गोंगाटात मी तिथेच स्टुलावर बसून रडले. दुकानदार बिचारा उगाचच काउंटर परत परत पुसत राहिला.

घरी आले. मागच्या वायरी होत्या तशा जिथल्या तिथे खोचल्या, आईला हाक मारली आणि बटण दाबलं. चिन्ह, ठिपके, काळोख.

तेव्हा पहिल्यांदा मी बटणावरून हात मागे घेतला. बाजारात चालतं आणि आमच्या उंबऱ्याच्या आत चालत नाही, हे कसलं दुखणं? दुसऱ्या दिवशी परत नेलं, परत तिथे चाललं. परत आणलं, परत काळं. रिक्षावाले काका गावातलेच, बाबांच्या बरोबरीचे. डबा उतरवताना त्यांनी आवाज खाली आणला.

"रागाव नको बाय, पण मशीनात काय नाय. घरात आसा. देवाक गाऱ्हाणा घाल एकदा."

"तुमी पण काका!" मी फणकारले. पण ते गेल्यावर पडवीत एकटीने थांबायला नको वाटलं.

त्या दिवशी दुपारी लाइट गेली आणि दिवेलागणीच्या सुमारास आली. तुळशीपुढे दिवा लावून मी पडवीत आले, काही एक आशा न ठेवता बटण दाबलं. चिन्ह आलं, गेलं, धून वाजली. मी तोंडाने काही म्हणायच्या आत घरातून बोलणं ऐकू आलं. आई कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होती. घरात आम्ही दोघीच होतो.

मी पायांचा आवाज न करता आत गेले. माजघरात तिने दिवा लावला नव्हता. ती बाबांच्या बंद दारासमोर जमिनीवर बसली होती, एक हात दारावर टेकून. आणि दाराच्या खालच्या फटीतून उजेड येत होता. पणतीचा नव्हे, पणतीचा असतो तो पिवळा आणि एका जागी. हा निळा होता. बघता बघता तो हिरवा झाला, मग तांबूस, मग परत निळा, आणि आईच्या पायाच्या बोटांवर तो रंग बदलत होता.

"आई," मी विचारलं. "आत कोण आसा?"

तिने मागे न बघता बोट ओठांवर ठेवलं. "हळू. ते बघतत."

 मी भिंतीला धरून कशीबशी पडवीत आले. पळून जायचं तर अंगणात काळोख. थांबायचं तर पाठीमागे ते दार. समोर तो काळा स्क्रीन. अशा वेळी माणसं देवाचं नाव घेतात. मी चिडले. घाबरले की मी चिडतेच. डब्याच्या मागे हात घालून हाताला येईल ती वायर मी उपटायला लागले. त्यात एक जाड काळी वायर होती, जी मी रोज इमानेइतबारे परत खोचत होते, इंटरनेटची समजून. ती उपटली मात्र, आणि स्क्रीन लख्ख उजळला. जेटीवर बाबा, सुरमई, हसू.

त्याच क्षणी घरातून आई ओरडली, "बंद कित्याक केलंस गो? ते बघीत होते!"

वायर हातात धरून मी डोळ्यांनी त्या वायरीचा माग काढत गेले. टेबलामागून भिंतीवर, भिंतीवरून वाशाशेजारच्या भोकात, आणि पलीकडे बाबांची खोली. तिथे पलंगाच्या पायथ्याशी टीव्ही होता. बातम्यांसाठी घेतलेला, असं मी समजून चालले होते. मी रविवारी घरी यायची तेव्हा तो नेहमी बंदच असायचा. आता कळलं, बाबांनी वायरमनकडून हे करून घेतलं होतं. पडवीत आईने बटण दाबायचं, चित्र फक्त त्यांच्या टीव्हीवर जायचं, आणि फोटो आपोआप एकामागून एक बदलत राहायचे. बाजारात ही वायर नव्हती, म्हणून तिथे सगळं ठीक.

मी तरातरा आत गेले. भीती गेली की माझा राग दुप्पट होतो. "आई, भूत नाय काय नाय! तो टीव्ही आसा! पडवीत बघ वायर. तू आपली दाराशी बसून..."

"माका काय खुळी समाजलंस?" आई शांतपणे म्हणाली. "टीव्ही तो माका ठावक नाय? रोज मीच पुसी. दार लावच्या आदी मीच चालू करून इलंय. लाइट जाऊन इली तरी आपसूक लागता तो, तेंनीच तशी सोय केल्ली."

"मगे कोण बघता म्हणतंस?"

"ते."

मी त्या बंद दाराकडे बघितलं.

"तू येतलंस तेवा बंद करूक सांगीत," ती म्हणाली. "पोरगी समोर आसताना फोटो कशाक, म्हणत. बाकी अख्खो दिवस बघीत." मग दारावरचा हात न काढता: "त्या दिवशी लाइट नाय होती मा. सकाळपासून सांगीत होते, लाव गो, लाव गो. मी खंयसून लावतलंय? त्या काळ्या टीव्हीकडे डोळे लावून लावून गेले. काळोखच बघून गेले ते, बाय. लोक दिवो ठेवतत, मी तेंका ह्यो ठेवलंय."

 मी पडवीत परतले. मी दुकानदाराला फोन लावला. तो हसला, म्हणाला, अहो एवढंच होय, आणि कुठली बटणं दाबली की चित्र दोन्हीकडे दिसेल ते सांगितलं. मी ती वायर परत खोचली. स्क्रीन काळा झाला. त्या काळोखात चाचपडत, त्याने सांगितलं तसं एकेक बटण दाबलं, आणि पडवीत उजेड झाला. आत फटीतूनही झाला.

फोटो बदलत होते. कुठलंसं बंदर. आईबाबांचं लग्न. मग शाळेच्या गणवेशातली मी, दोन वेण्या, कपाळावर आठी. जो फोटो माझ्यासमोर, तोच त्या बंद खोलीत पलंगाच्या पायथ्याशी. मी उठून माजघरात गेले आणि आईच्या शेजारी जमिनीवर बसले. ती दाराला तोंड लावून अगदी हळू विचारत होती, "दिसता मा आता?"

आणि मग आम्ही दोघी गप्प राहिलो, उत्तर ऐकायला.