पापडाच्या डब्यावरचा आरोप

आयुष्यात एकदा तरी शुद्ध नाद ऐकल्याशिवाय माणसाने डोळे मिटू नयेत. हे मत मी बऱ्याच विचारांती स्वीकारलं होतं. ते खोक्याच्या झाकणावर छापलेलं होतं.

खोक्यात खिशात मावणारं, गाणी ऐकायचं एक यंत्र होतं आणि कानात घालायचे दोन काळे मणी. किंमत सांगत नाही. ती घरातही सांगितलेली नाही. मी रोह्याहून पेणला कॉलेजात शिकवायला जातो, गाडीत कान रिकामेच असतात, एवढं समर्थन मला पुरलं. मण्यांना चांगली वायर लागते, ती खोक्यात नसते. वायर आणली की तिला एक जोड लागतो, तो दुकानात नसतो. सगळं जमल्यावर पुस्तिकेत वाचलं की आवाज अजून तयार नाही. बरेच दिवस वाजवल्यावर तो मुरतो.

"लोणचं हाय का ते?" बायको म्हणाली.

ती पेणची. एरवी माझ्याइतकंच पुस्तकी बोलते, पण कुठे थाटमाट दिसला की तिच्या बोलण्यात माहेर येतं.

पावसाळा लागला. रोह्यात पावसाळ्यात काडेपेटी पेटत नाही, मीठ बरणीत रडतं. यंत्राचं चामडी पाकीट, जे अर्थातच वेगळं घ्यावं लागलं होतं, आठवड्यात हिरवं झालं. पुस्तिका म्हणत होती, कोरड्या आणि हवाबंद जागी ठेवा. आमच्या घरात तशी जागा एकच: पोह्याच्या पापडांचा डबा. बायको दर उन्हाळ्यात माहेरच्या गच्चीवर पापड लाटते, कडक उन्हं देते आणि पत्र्याच्या डब्यात भरून झाकणाखाली जाड कागद दाबते. त्या डब्याला पावसाळ्यात दुसऱ्या कुणी हात लावायचा नसतो. तिने मोठ्या मनाने यंत्राला त्यात एक कोपरा दिला.

श्रावणात डावा मणी मुका झाला.

कंपनीला कळवलं. आधी एक यांत्रिक बाई मला पुनःपुन्हा सांगत राहिली की माझा अनुभव त्यांच्यासाठी मोलाचा आहे. मग यंत्र मागवून घेतलं. कुठे ठेवत होतात, असं विचारलं, तेव्हा मी खरं ते सांगितलं. यंत्र परत आलं ते शिक्क्याच्या अहवालासह: ग्राहकाने दमट डब्यात ठेवल्यामुळे आत ओल शिरली आहे. हिंगासारखा वास येतो. हमी लागू नाही.

मी सोडून दिलं असतं. पण पुलापलीकडच्या अष्टमी गावात राहणारी माझी बहीण चहाला आली होती आणि मी गंमत म्हणून तो अहवाल मोठ्याने वाचला. ती हसली नाही.

"म्हणजे वहिनी, तुझे पापड सादळले."

"कोण म्हणतं?"

"मी कशाला म्हणू? कंपनी म्हणते. शिक्का हाय की." मग बशीत चहा ओतत ती हळूच म्हणाली, "पोरीच्या केळवणाला यंदा बाजारातनंच आणते पापड. तू नको त्रास घेऊस."

बहिणीच्या घरचं एकही कार्य बायकोच्या पापडांशिवाय झालेलं नव्हतं. बायकोने नणंदेच्या पुढ्यातली चिवड्याची बशी उचलून आत नेली. प्रकरण आता माझं राहिलेलं नाही, हे मला कळलं.

रविवारी आम्ही पनवेलच्या सेवा केंद्राकडे निघालो. यंत्र माझ्या खिशात, डबा तिच्या मांडीवर. जिते स्टेशन मागे पडल्यावर ती म्हणाली, "खरंच सादळले असतील तर मी पुन्हा पोळपाट हातात घेणार नाय."

केंद्राच्या भिंतींना करडा स्पंज लावलेला होता. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. टाय लावलेला व्यवस्थापक गाभाऱ्यात बोलावं तसा बोलत होता.

"मॅडम, या दर्जाची यंत्रं फार संवेदनशील असतात."

"पापडपण," बायको म्हणाली आणि तिने काउंटरवर डबा उघडला. "हा धरा. वाकवा."

"मी?"

"सादळलेला असला तर वाकेल. सुका असला तर तुटेल. तुम्हीच लिहिलंय ना?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी स्पंजाकडे पाहिलं. त्याने पापड दोन्ही हातांत धरला आणि वाकवला.

तो आवाज मी विसरणार नाही. ना घुमला, ना फाटला, ना त्याला कसली खरखर होती. डाव्या कानाला जेवढा, तेवढाच उजव्याला. त्या खोलीत इतका स्वच्छ आवाज आधी कुणी काढला असेल असं वाटत नाही.

"आता तळातला घ्या," ती म्हणाली. "ओल तळाशी बसते."

तळातलाही तुटला. सोफ्यावर बसलेले एक गृहस्थ उठून आले. "माझाही डावाच गेलाय," ते म्हणाले, "आणि मी तर एसीच्या खोलीत ठेवतो." बोलता बोलता त्यांनी काउंटरवरचा तुकडा उचलून कच्चाच खाल्ला.

व्यवस्थापकाने घसा साफ केला. यंत्र बदलून देऊ, म्हणाला.

"ते यांना द्या. मला लिहून द्या."

"काय?"

"डबा कोरडा हाय म्हणून."

"मॅडम, तसा रकाना नसतो."

"'इतर' असेल ना? त्यात लिहा. आणि शिक्का नीट उठू द्या."

परतताना आम्ही घरी गेलो नाही. पूल ओलांडून थेट अष्टमीला गेलो. बहिणीने कागद दारातच वाचला, चष्मा लावून पुन्हा वाचला.

"तळातला पण तुटला?"

"तळातला पण."

"मग जरा जास्तीच दे," बहीण म्हणाली. "पाहुणे वाढलेत." आणि चिवडा काढायला आत गेली.

नवं यंत्र आलं. दोन्ही कान वाजतात. बायको आता त्याला डब्यात घेत नाही. पापडांना वास लागतो म्हणते. यंत्राची हमी एक वर्षाची आहे. पापड दोन वर्षं टिकतात.