बावीस गोधड्या आणि आमचे भाऊजी

माणसाच्या तोंडाकडे न बघता त्याच्या अंगावरच्या कापडाशी बोलणारा गृहस्थ साऱ्या बऱ्हाणपुरात एकच आहे, आणि तो नेमका आमच्या ताईच्या नशिबी आला. तुम्ही भाऊजींना नमस्कार करा, ते तुमची बाही चिमटीत धरतील, बोटांत चोळून बघतील आणि अगदी आपुलकीनं विचारतील, "सुती आहे. अजून किती दिवस वापरणार?" गेल्या दिवाळीत हा प्रश्न त्यांनी माझ्या शर्टाबद्दल विचारला. मी म्हटलं, "भाऊजी, आजच घडी मोडली आहे." "काही घाई नाही, सालेसाहेब," असं म्हणाले खरे, पण आजारी काकाच्या शेताकडे पुतण्यानं बघावं तसे दिवसभर त्या शर्टाकडे बघत होते. शाहपूरला एका लग्नात व्याह्यांनी त्यांना मिठी मारली. व्याह्यांचं उपरणं जुनं, मऊ, सुरेख काठाचं. भाऊजी मिठी सोडीनात. व्याही बिचारे गहिवरले. आजही सांगतात, असा प्रेमळ माणूस बघितला नाही.

भाऊजी वीज खात्यात मीटर रीडर होते. उभा जन्म लोकांच्या अंगणांत जाऊन आकडे लिहून घेण्यात गेला. बहादरपूरला अशाच एका अंगणात एक म्हातारी गोधडी शिवत बसलेली असे. भाऊजी मीटर बघायचे विसरून तिच्या सुईकडे बघत राहायचे. एकदा धीर करून म्हणाले, "माय, मला शिकवशील का?" म्हातारीनं मानही वर केली नाही. "भाऊ, तू तुझं मीटर पाह्य. हे बायांचं काम आहे." पुढच्या महिन्यात भाऊजी खिशात सुई-दोरा घेऊनच गेले. म्हातारीनं त्यांचा पहिला टाका बघितला आणि एवढंच म्हणाली, "बैलाचा पाय पडल्यावानी दिसतो." पण बसायला पोतं टाकलं. दर महिन्याला त्या घराचं रीडिंग घ्यायला अख्खी दुपार का लागते, हे त्यांच्या साहेबांना शेवटपर्यंत कळलं नाही.

रिटायर झाल्यावर मात्र त्यांनी घरातली पुढची खोलीच ताब्यात घेतली. आमच्या गावात दिवसभर माग खडखडत असतात, कापडाचे ताग्यावर तागे निघतात, आणि हा माणूस वीतभर चिंधीसाठी शिंप्याच्या दुकानापुढे ताटकळत उभा! ताईची लुगडी, उशांचे अभ्रे, माझ्या मुलीचा लहानपणीचा शाळेचा फ्रॉक, काही काही सुटलं नाही. "लोकांचे नवरे रिटायर झाले की देवदर्शनाला जातात," ताई म्हणायची, "आमचे परकराच्या कापडाला जातात." पाहुणे आले की भाऊजी अंगुस्तान घातलेलं बोट वर करून "बसा" म्हणत, आणि बसलेल्या पाहुण्याला हमखास सुई टोचे.

हे सगळं चाललं असतं. पण भाऊजींचा एक मोठा दोष होता. ते गोधडी कोणाला देत नसत. कबूल सगळ्यांना करायचे. गोधडी पुरी झाली की ती खाटेवर पसरून दोन दिवस तिच्याभोवती फिरायचे, मग कुठेतरी बोट ठेवून म्हणायचे, "इथं झोळ आलाय. अशी कशी देऊ?" आणि कडुलिंबाचा पाला घालून ती पत्र्याच्या मोठ्या पेटीत. माझ्या मुलीच्या लग्नात कबूल केलेली गोधडी अशीच पेटीत गेली. मी हसून सोडून दिलं. पण त्यांची स्वतःची लेक पहिलटकरीण म्हणून माहेरी आली, नातू झाला, बाराव्या दिवशी पाळण्यात घालायला गोधडी हवी होती, आणि भाऊजी म्हणाले, "रंग जमला नाही हो. पोराला शोभणार नाही." त्या पोराला बाजारातल्या ब्लँकेटात गुंडाळलं. लेक सासरी जाताना पुढच्या खोलीत न डोकावताच गेली. ताईनं चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी मला म्हणाली, "त्या पेटीत काय आहे रे असं, की सख्ख्या नातवापेक्षा जास्त झालं?"

तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात तापीला पूर आला. खालच्या वस्तीत पाणी शिरलं आणि तिथली माणसं ताईच्या गल्लीतल्या शाळेत आणून बसवली. घराघरांतून पोळ्या, खिचडी जाऊ लागली. ताईनं पातेलं भरलं, मी उचललं, आणि भाऊजी पाण्याची कळशी घेऊन मागून आले. शाळेची फरशी ओली, गार. एक बाई आपल्या तान्ह्या मुलीला मांडीवरून खाली ठेवीना, कारण ठेवायला कोरडं काही नव्हतंच. पाय अवघडले की ती नुसती उभी राहायची आणि परत बसायची. भाऊजींनी कळशी टेकवली आणि तडक घरी गेले.

मी मागोमाग गेलो. ते पेटी उघडून तिच्यापुढे बसले होते. एकेक गोधडी काढायचे, हात फिरवायचे, मांडीवर ठेवायचे. ताई दारात उभी. मी काही बोलू नये म्हणून तिनं माझा दंड धरला होता. मांडीवरची चळत खाली ठेवून भाऊजी म्हणाले, "सालेसाहेब, स्कूटर काढा. मी मागे धरून बसतो."

तीन फेऱ्यांत बावीस गोधड्या गेल्या. शाळेत भाऊजी प्रत्येकीबरोबर सूचना देत होते, "उलटी करून धुवा हं, पिळू नका," आणि ऐकत कोणीच नव्हतं. ज्या गोधडीला त्यांना दोन वर्षं लागली होती, ती एका माणसानं घेतली आणि आधी आपली भिजलेली शेळी खसाखसा पुसली. भाऊजींनी तोंड उघडलं. मग मिटलं. मग म्हणाले, "पोटाखालून पण पुसा. ते ओलं राहिलंय." त्या तान्ह्या मुलीच्या आईनं गोधडीची चौघडी केली, मुलीला तिच्यावर ठेवलं आणि दोन्ही पाय लांब करून भिंतीला टेकली.

एक म्हातारेबुवा तेवढे राहिले. पेटी रिकामी. भाऊजी घरी जाऊन अर्धी झालेली गोधडी सुईसकट घेऊन आले आणि शाळेच्या व्हरांड्यात बसून काठ शिवू लागले. म्हातारेबुवा समोर उकिडवे. "हो गया क्या, भाऊ?" "बस, पाच मिनिटं." दीड तास लागला. तोवर म्हातारेबुवा खांबाला टेकून झोपी गेले होते. भाऊजींनी दातानं दोरा तोडला आणि गोधडी त्यांच्या अंगावर घातली. झोळ होता की नाही, ते बघितलं नाही.

पाणी ओसरलं, माणसं आपापल्या घरी गेली. पंधरा दिवसांत भाऊजींनी एक लहान गोधडी शिवली आणि स्वतः बसनं लेकीकडे नेऊन दिली. तिनं ती घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाली, "बाबा, इथे टाका सुटलाय." "राहू दे," ते म्हणाले, "मुलाला काय कळतंय!" हे मला ताईनं सांगितलं; सांगताना ती हसत होती आणि डोळेही पुसत होती.

मग भाऊजींना नवं वेड लागलं. संध्याकाळी मला घेऊन खालच्या वस्तीतून फिरायचं. मीटर रीडरची नजर. कोणाच्या अंगणात दोरीवर काय वाळतंय, ते त्यांना लांबूनच कळायचं. "ती बघा, शेळीवाली!" आपण दिली असं त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. एका बाईला नुसतंच विचारलं, "ऊब येते का हो हिला?" ती म्हणाली, "पुराच्या वक्ताला कोणी सरकारी माणूस देऊन गेला. पोरगी हिच्याशिवाय झोपतच नाही." त्या दिवशी सरकारी माणसानं मला हलवायाकडे नेऊन पावशेर दराबा, आमच्या गावची रव्या-तुपाची मिठाई, खाऊ घातला.

यंदा त्यांचे गुडघे धरले आहेत. उंबऱ्याबाहेर पडवत नाही. तेव्हा मी एकटाच फिरून येतो आणि ते शिवता शिवता विचारतात, "आज कुठली दिसली?" सुरुवातीला चार-पाच दिसायच्या. पण गोधडी शेवटी कापडच. रोज अंगावर घेतली की विरते, मग पायपुसणं होते, मग दिसेनाशी होते. परवा अख्ख्या वस्तीत एकही दिसली नाही. घरी येताना जिवावर आलं होतं. म्हटलं, "भाऊजी, आज ती निळी दिसली. वळणावरच्या घरात, खाटेवर टाकलेली."

भाऊजींची सुई थांबली. "निळी?" म्हणाले. "निळी मी केलीच नव्हती, सालेसाहेब."

त्यांनी सुईत नवा दोरा ओवला, गाठ मारली आणि गोधडी मांडीवर नीट ओढून घेतली.

"पण सांगा," ते म्हणाले. "कशी दिसत होती?"